मॉक जातीची स्ट्रॉबेरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कोणी हसलं की मला लाज वाटते, आणि लाज वाटली की मी गोष्ट अर्धवट सोडतो. चहा येतोच आहे. तोवर माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा ऐका. सर्वांत मोठा असं मी म्हणतो. आमच्या सौभाग्यवतींच्या यादीत तो तिसरा आहे.

आधी माझी योग्यता सांगतो. आमचं घराणं मूळचं उमरेडचं, विणकरांचं. झाडाझुडपांशी आमचा संबंध कापसापुरता, तोही त्याचं सूत झाल्यावर. मी स्वतः कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य काढलं. तिथे हिरवं म्हणजे पॅनेलवरचा दिवा. कॉलनीतल्या झाडांवर राख बसायची, त्यामुळे कडुलिंब कोणता हे मी निंबोळी डोक्यावर पडली तरच सांगू शकायचो.

असा माणूस रिटायर झाला, नागपूरच्या कडेला एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत, घर बांधून राहायला आला, आणि घराच्या मागे चार हात अंगण मिळालं. पुढे काय होणार, तुम्हीच सांगा.

माझी बायको सुनंदा. माहेर कुहीकडचं, घरी धानाची शेती. तिनं हौसेनं नर्सरीतून फर्नची एक कुंडी आणली. नर्सरीवाला म्हणाला, माल पचमढीकडचा आहे. कुंडी ठेवली मागच्या कूलरखाली, जिथं पाणी ठिबकतं. पावसाळ्यात त्या कुंडीतून फर्नसोबत आलेली एक बारीक वेल खाली उतरली आणि जमिनीवरून चालू लागली. जिथं टेकली तिथं मूळ धरलं. दिवाळीनंतर पिवळी फुलं आली. आणि डिसेंबरातल्या एका सकाळी मी दात घासत मागच्या दारी उभा, तर पानांच्या वर, देठावर ताठ, एक लालचुटूक फळ!

"सुनंदा! बाहेर ये! स्ट्रॉबेरी!"

तोंडात पेस्ट होती. तिला काय ऐकू आलं कोण जाणे, ती काठी घेऊन आली.

"कुठं हाये?"

"काय कुठं?"

"साप!"

"साप नाही. स्ट्रॉबेरी! आपल्या घरी स्ट्रॉबेरी लागली!"

तिनं काठी खाली ठेवली. वाकून पाहिलं. एक सेकंद पाहिलं, जास्त नाही.

"तण आहे हे."

"तण? एवढं लाल तण असते का कुठं?"

"माया माहेरी बांधावर दहा रंगाचं तण असते. आई दिसलं की उपटून फेके. उपटू का?"

"हात लावू नको!"

आता मी अडाणी नाही. पुराव्याशिवाय बोलत नाही. मोबाइलवर झाडं ओळखायचं एक अ‍ॅप मुलीनं घालून दिलं होतं. फोटो काढला. थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि नाव आलं, इंग्रजीत, ठळक अक्षरांत: मॉक स्ट्रॉबेरी. खाली बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलं होतं. चष्मा आत टेबलावर होता.

काय चूक झाली माझी? आंब्यात हापूस असतो, संत्र्यात नागपुरी असतं, मग स्ट्रॉबेरीत मॉक का नसावी? मला वाटलं, मॉक नावाचा कोणी शास्त्रज्ञ असेल. जर्मन. जर्मनच का, असं विचाराल तर कोराडीला आमच्याकडे एक जर्मन पंप होता. कधी बंद पडला नाही.

मग मी ते फळ खाल्लं.

चव वाईट नव्हती. चव नव्हतीच. ओला कापूस चावल्यासारखं लागलं, मध्ये बारीक बिया कचकचल्या, आणि संपलं. दुसऱ्या कोणाला इथं शंका आली असती. मी विचार केला आणि मोठ्यानं म्हणालो, "पहिल्या वर्षी सगळी साखर मुळात जाते."

हे वाक्य मी कुठेही वाचलेलं नाही. त्या क्षणी तयार झालं. पण तोंडातून इतकं व्यवस्थित बाहेर पडलं की माझाच त्यावर विश्वास बसला.

त्याच दुपारी लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. 'नागपूरच्या मातीत स्ट्रॉबेरी! मॉक जात. रोपे विनामूल्य मिळतील.' पाच मिनिटांत अंगठेच अंगठे. संध्याकाळी शेजारचे राऊत स्वतः पाहायला आले. राऊतांचं हिरवंगार लॉन लेआउटमध्ये प्रसिद्ध. त्यावर ते स्वतःसुद्धा चप्पल घालून चालत नाहीत.

"निखारे साहेब, खरंच स्ट्रॉबेरी हाये का गा?"

"मॉक आहे."

"मॉक? म्हणजे भारीतली?"

"इम्पोर्टेड."

बघा, कसं असतं. इम्पोर्टेड हे मी आधी ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून झालं.

राऊतांनी एक तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"चव काहून नाही लागून राहिली?"

"पहिल्या वर्षी सगळी साखर मुळात जाते."

"अस्सं!" म्हणाले आणि दोन रोपं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना पाहतो, तर तेच वाक्य ते कुलकर्ण्यांना सांगून राहिले होते. वरून, "हे तर मले पहिलेपासून माहीत होतं."

पंधरा दिवसांत अकरा घरी माझी रोपं गेली. लेआउटमधल्या देवळाच्या बागेतही मी स्वतःच्या हातांनी लावली. लोक रस्त्यात थांबवून सल्ला विचारू लागले. पाणी किती? खत कोणतं? मी सगळ्यांना उत्तरं दिली. एकालाही 'मला माहीत नाही' म्हणालो नाही. नोकरीत मला इतका मान कधी मिळाला नव्हता.  सुनंदा मात्र भाजी निवडताना माझ्याकडे पाहून मोठ्यानं श्वास सोडायची.

इथवर प्रकरण लेआउटमध्ये होतं. तिथंच मिटलं असतं. पण जानेवारीत मुलीचा फोन आला.

आमची मुलगी मृण्मयी, पुण्याला नोकरी करते. तिनं स्वतःच एक मुलगा पसंत केला होता, अनिकेत. मुलगा चांगला, आम्ही त्याला व्हिडिओवर पाहिलं होतं. आता त्याचे आईवडील आमचं घर पाहायला आणि बोलणी करायला नागपूरला येणार होते. पहिलीच भेट. सगळं त्यावर होतं. सातारा जिल्ह्यातली माणसं, आपल्याकडची कोणी ओळखीची नाहीत, रीतभात वेगळी. सुनंदाला चार दिवस झोप नव्हती.

"बाबा," मृण्मयी म्हणाली, "एक सांगू का? अनिकेतच्या घरची महाबळेश्वरच्या खाली शेती आहे. स्ट्रॉबेरीची. त्याच्या आजोबांपासून."

"अरे वा!"

"वा नाही. तुम्ही ग्रुपवर टाकून मलाही पाठवलं होतं ना, ते त्यांच्यासमोर प्लीज काढू नका."

"काहून?"

"असंच. प्लीज."

मी फोन ठेवला आणि विचार केला. पोरगी मनानं हळवी आहे. तिला वाटलं असणार, ते बिचारे तीन पिढ्या डोंगरात खपून राहिले आणि आमच्याकडे कूलरच्या पाण्यावर आपोआप येते, हे पाहून त्यांना कमीपणा वाटेल. तिच्या मोठ्या मनाचं मला कौतुक वाटलं. आणि ठरवलं, कमीपणा वाटू न देता दाखवायची.

"तर्री-पोहे ठेवते, संत्राबर्फी ठेवते," सुनंदा म्हणाली. "तुमचं तण नका ठेवू, हात जोडते."

"तण म्हणू नको तिला."

"मंग काय म्हणू? सूनबाई?"

मृण्मयी आदल्या दिवशीच घरी आली होती. पाहुणे रविवारी सकाळी आले. अनिकेत, त्याची आई मंगलताई आणि वडील शंकरराव. शंकरराव म्हणजे लहानसर चणीचा, उन्हानं रापलेला, फार कमी बोलणारा माणूस. हात मात्र असे, की नमस्कार करताना माझे हात त्यांच्या हातांसमोर उशीसारखे दिसले. बसले, पाणी घेतलं. पोहे झाले. तर्रीनं मंगलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या "छान आहे" म्हणाल्या. सगळं उत्तम चाललं होतं. सुनंदाच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता.

तेव्हा मी उठलो आणि फ्रिजमधून काचेचा बाऊल आणला.

तीन दिवस वेचून ठेवली होती. वर साखर पेरली होती, बाजूनं क्रीम. मृण्मयीनं बाऊल पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"घरची आहे," मी म्हणालो. "घ्या, घ्या. संकोच नको."

शंकररावांनी एक उचलली. बोटांत फिरवून पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मग तोंडात टाकली आणि शांतपणे चावली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. मी सुनंदाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"तुमच्याकडच्यापेक्षा थोडी लहान वाटेल," मी म्हणालो. "पण जात वेगळी आहे ना!"

"व्हय, जात वेगळी हाय," शंकरराव म्हणाले.

"गोडी तेवढी अजून उतरली नाही. पहिल्या वर्षी सगळी साखर मुळात जाते."

शंकररावांनी चौथी उचलली होती, ती हातातच राहिली. "आसं होय," म्हणाले. मग थोडं थांबून, "फूल पिवळं येतं का हो ह्याला?"

"हो! अगदी हळदीसारखं!"

"आमच्याकडं पांढरं येतं."

"पांढरं साध्याला येत असेल," मी त्यांना समजावून सांगितलं. "ही मॉक आहे. मॉकला पिवळंच."

अनिकेतला ठसका लागला. मृण्मयी त्याला पाणी द्यायला उठली.

"मॉक म्हंजी?" शंकररावांनी विचारलं.

"शास्त्रज्ञाचं नाव आहे. जर्मन होता."

आता खोलीत फक्त अनिकेतच्या खोकल्याचा आवाज. आणि मग मृण्मयी, जी लहानपणापासून माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नाही, ती म्हणाली,

"बाबा, कोराडीला दर वर्षी भोंगा वाजायचा आणि तुम्ही सगळे हेल्मेट घालून पळत बाहेर यायचे. त्याला काय म्हणायचे?"

"मॉक ड्रिल."

"आग लागलेली असायची का?"

"नाही. खोटी खोटीच असते ती. मॉक म्हणजे..."

वाक्य पूर्ण झालं नाही. आजही झालेलं नाही.

मी बाऊलकडे पाहिलं. खोटी स्ट्रॉबेरी माझ्याकडे पाहत होती, वरून साखर लावून. तीस वर्षं मी दर वर्षी तो शब्द स्वतःच्या हातानं रजिस्टरमध्ये लिहिला होता.

सगळ्यांत आधी भानावर आली सुनंदा. पण ती वेगळ्याच दिशेनं भानावर आली. "अगं बाई! पाहुण्यायले काय चारलं तुम्ही! विषारी असन त! मृण्मयी, डॉक्टरले फोन लाव वं!"

"वैनी, बसा," शंकरराव म्हणाले. "ह्यानं काय होत नाय. आमच्या बांधावर ढिगानं येती. ल्हानपणी मूठमूठ खाल्लीया. चव नाय आन् अपायबी नाय. पण अनोळखी फळ मात्र कुनी आसं तोंडात टाकू नये."

"मग तुम्ही कसं टाकलं?" मी विचारलं. 

"आमच्या वळखीचं हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

शंकररावांनी हातातली चौथी हळूच बशीत ठेवली. "पोरीच्या घरी पहिल्यांदा आलोय. म्हटलं, नागपूरकडं पद्धत आसंल."

सगळ्यांत आधी मंगलताई हसल्या. त्या हसल्या तशा तोंडाला पदर लावून सोफ्यावर आडव्याच झाल्या. मग अनिकेत. मग मृण्मयी. सुनंदा आधी रडली आणि मग हसली. मी बाऊल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. सिंकचा नळ टपटपत होता, तो घट्ट केला.

नंतर शंकररावांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि शिकवलं. मी लहान मुलासारखा उकिडवा बसून ऐकलं. खरीचं फूल पांढरं, हिचं पिवळं. खरीला वास येतो, खोलीत ठेवली तर खोलीला येतो. हिला नाकात घातली तरी नाही. हिच्या बिया वर उठून दिसतात, बोटाला खरखरीत लागतात.

"आन् ह्ये बघा," शंकरराव म्हणाले. "खरीला फळ धरलं की वजनानं मान खाली घालती. ही आशी वर तोंड करून बघत ऱ्हाती, की बघा माझ्याकडं."

दारात उभी असलेली सुनंदा म्हणाली, "माणसायतही तसंच असते, भाऊ."

शंकरराव वाकून वेलीची पानं निरखू लागले. सभ्य माणूस.

लग्न ठरलं. तुम्हाला तीच काळजी लागली असणार. जाताना मंगलताई सुनंदाला म्हणाल्या, "मुलीचे वडील भोळे आहेत. अशी माणसं फसवत नाहीत." सुनंदा म्हणाली, "फसवायले डोकं लागते, ताई." पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून दोन पेट्या स्ट्रॉबेरी आल्या, खऱ्या. पेटी उघडायच्या आधीच घरभर वास सुटला. मी त्या खाल्ल्या. गोड होत्या. साखर सगळी फळात होती.

पण माझी सुटका कुठं झाली! लग्न ठरलं ते घरात. लेआउटमध्ये अकरा घरी आणि देवळात माझी मॉक पसरत होती. मी ग्रुपवर खुलासा टाकला. 'सदर वनस्पती स्ट्रॉबेरी नसून तण आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' या वेळी अंगठे आले नाहीत. राऊत आले.

"साहेब, माया लॉनमध्ये आता लॉन शोधा लागते."

गेलो पाहायला. खरंच. दोन रोपांनी अर्धं लॉन खाल्लं होतं. दर वितीवर एक वेल टेकलेली, टेकली तिथं नवीन रोप, त्या रोपाला दोन नवीन वेली. मी म्हणालो, काळजी करू नका, आणि घरून फावडं आणून जोरात खोदून काढलं. तुकडे तुकडे केले. आठ दिवसांनी प्रत्येक तुकड्यातून रोप आलं. राऊतांनी मला फोन केला नाही, नुसता फोटो पाठवला.

शेवटी सुनंदानंच दाखवलं. खुरपं हातात घेऊन ती राऊतांच्या लॉनवर बसली. "पहिले पाणी घाला, माती नरम होऊ द्या. मंग वेल धरून मुळापर्यंत जा आणि मुळासकट काढा. तोडू नका. आणि काढलेलं तिथंच टाकू नका, पोत्यात भरा." पोतं आमच्या गच्चीवर न्यायचं, उन्हात पसरायचं, पूर्ण वाळेपर्यंत पाहत बसायचं. खताच्या खड्ड्यात नाही, तिथं ते नव्या उमेदीनं उगवतं.

उन्हाळा आला की आपोआप जळेल, अशी मला आशा होती. नागपूरचा मे महिना! माणसं वाळतात. ज्यांनी पाणी घालणं बंद केलं, त्यांच्याकडे जळलंही. पण राऊत लॉनला पाणी घालणं थांबवतील? आणि देवळात तर रोज अभिषेकाचं पाणी बागेत सोडलेलं.

तेव्हा मी ठरवलं. लावलं आपण, काढूही आपणच. रोज सकाळी डोक्याला दुपट्टा बांधायचा, जुनी पँट घालायची, खुरपं आणि पोतं घेऊन निघायचं. एका दिवशी एक घर. आणि दुसरी एक प्रतिज्ञा केली. यापुढे कोणत्याही झाडाचं नाव आपल्या तोंडून निघणार नाही. कोणी काही विचारलं, तर 'मला माहीत नाही'. झालं एवढं पुरे.

कोपऱ्यावरच्या घरी गेलो, तर तिथं भाडेकरू बदललेले. नवीन आलेल्या बाई पोर्चमध्ये उभ्या होत्या. माझ्याकडे, दुपट्ट्याकडे, पोत्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं झालं आले, भाऊ. मालक म्हणाले होते, कोणी तरी येऊन साफ करून देईल. हे झालं की मागचंही करून द्याल का?"

आता मी सांगणार होतो, की बाई, मी निखारे, रिटायर्ड इंजिनिअर. पण मग त्यांनी विचारलं असतं, की मग हे काय करून राहिले? आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली असती. मी म्हणालो, "हो ताई."

पुढचं केलं, मागचं केलं. मध्ये त्यांनी ताक आणून दिलं, मी पायरीवर बसून प्यालो. त्या कौतुकानं एकेक कुंडी दाखवत विचारू लागल्या. हे झाड कोणतं, भाऊ? मी म्हणालो, मले सांगता येत नाही, ताई. आणि हे? याचंही नाही सांगता येत. याला ऊन पाहिजे की सावली? माहीत नाही, ताई. शेवटी त्यांनी तुळशीकडे बोट दाखवलं. मी तुळशीकडे पाहिलं. शंभर टक्के तुळसच होती. पण प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा. मी मान हलवली, नाही.

पोतं खांद्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडत होतो, तेव्हा त्या फोनवर कोणाला तरी सांगून राहिल्या होत्या.

"अवं, माळी भेटला एक. म्हातारा आहे, पण काम बरोबर करते. तुह्याकडेही पाठवते. फक्त एक कर, त्याले काही विचारू नको. त्याले झाडातलं काहीच समजत नाही."